भरीव आवाज

त्याला सगळे पोलाद म्हणत. नाटक कंपनीच्या गोदामात चिलखतांच्या रांगाच्या रांगा होत्या, पण त्यांत पोलाद औषधालासुद्धा नव्हतं. जाड स्पंजचे थर तापवून वाकवायचे, सोल्यूशन लावून एकमेकांवर बसवायचे, वर कापड, कापडावर रंग आणि रंगावर खोटा गंज. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हे अंगावर पडलं तर माणूस चेपून मरेल. जवळ गेलं तर दोन बोटांवर उचलता यावं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. त्या अख्ख्या गोदामात कठीण म्हणावी अशी एकच वस्तू होती आणि ती म्हणजे गोदाम सांभाळणारा हा माणूस, म्हणून कुणा चहाटळ नटाने त्याचं नाव पोलाद ठेवलं. त्याला ते फार आवडलं. आपली चेष्टा होतेय हे कळायला आधी स्वतःकडे बघावं लागतं, आणि तेवढी फुरसत त्याला कधी मिळाली नाही.

चिलखत सांभाळणं हे शास्त्र आहे, असं तो नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायचा आणि मग महिनाभर तेच ऐकवत राहायचा. छातीचा तुकडा पालथा ठेवायचा नाही, उभाच ठेवायचा. त्याच्या पोटात सुती चिंध्यांचे गोळे भरायचे. वर्तमानपत्र भराल तर शाई अस्तराला लागते आणि तिथून नटाच्या बनियनला. पट्टे सैल सोडायचे. बकलं फडक्यात गुंडाळायची, कारण टणक वस्तूला टणक वस्तू लागली की रंग गेलाच म्हणून समजा. आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंडायचं तर मुळीच नाही. "चिलखतालाही श्वास लागतो," तो म्हणायचा, "कोंडलंत की घाम धरतं, मग बुरशी." हे सांगताना त्याचा आवाज असा हळवा व्हायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं, घरी कुणी आजारी आहे की काय.

घरी खरंच कुणी आजारी होतं. पण ते पुढे.

भरलेल्या पेटीची परीक्षा घ्यायची त्याची एक खास पद्धत होती. पेटी बंद करायची, कान जवळ न्यायचा आणि मुठीने एक ठोसा मारायचा. आवाज पोकळ आला तर माल आत हिंडतोय, पुन्हा उघडा. आवाज भरीव आला, बसका, उशीवर मारल्यासारखा, की समजायचं, माल सुखात आहे. नव्या माणसांना तो डोळे मिटून ओळखायला लावायचा. चुकलं की चारचौघांत पाणउतारा करायचा. त्याच्या कानाची कंपनीत ख्याती होती आणि ती खोटी नव्हती.

त्या चिलखतांची अस्तरं त्याची बायको शिवायची. घरच्या खिडकीशी बसून, आयुष्यभर. राजाचं, सेनापतीचं, मरायला येणाऱ्या बिनसंवादाच्या सैनिकांचं, सगळ्यांचं. कुणाच्या काखेत जास्त घाम येतो हे तिला ठाऊक होतं आणि तिथे ती दुहेरी कापड घालायची. नटांनी तिला कधी पाहिलं नव्हतं. पोलादही तिला फारसं पाहायचा असं नाही. तो अस्तर पाहायचा. तिच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबायची आणि थांबल्याचं कुणाला कळू नये म्हणून भिंतीचा पोपडा निरखायची. दुखणं अंगावर काढायची तिची जुनी सवय होती. टाके वाकडे यायला लागले, तेव्हा कुठे नवऱ्याच्या लक्षात आलं की हिचं काहीतरी बिनसलंय.

मुलगी दूरच्या मोठ्या शहरात राहायची. तिने तिथल्या हृदयाच्या दवाखान्यात खेटे घालून घालून आईच्या शस्त्रक्रियेची तारीख मिळवली. ही चुकली तर पुन्हा रांगेच्या शेपटाला, आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, रांग लांब आहे, आई तेवढी थांबणार नाही. नेमका त्याच आठवड्यात कंपनीचा मुक्काम त्या शहरात होता.

"मी येते घ्यायला," मुलगी फोनवर म्हणाली. "बसने आणते आईला, हळूहळू."

"कशाला?" पोलाद म्हणाला. "आपला ट्रक जातोच आहे. केबिनमध्ये एसी आहे. इथल्या दारातून उचलतो, तिथल्या दारात उतरवतो."

"बाबा, तिला पुढेच बसवा. खिडकीशी."

"मग काय टपावर बसवू?"

तो हसला. मुलगीही हसली, कारण आई शेजारीच ऐकत होती.

इथे मागच्या दौऱ्याची गोष्ट सांगायला हवी. मागच्या दौऱ्यात राजाचं चिलखत ट्रकच्या पाठीमागच्या बंद पत्र्यात तापलं. सोल्यूशन सुटलं, थर ढिले झाले आणि राजा रंगमंचावर आला तेव्हा त्याची छाती लाथ बसलेल्या डब्यासारखी आत गेलेली होती. राजा म्हणाला, "या छातीवर वार झेलीन," आणि प्रेक्षागृह खो खो हसलं. कंपनीच्या मालकीणबाईंनी पोलादला सगळ्यांसमोर उभं केलं. तोही ऐकून घेणारा नव्हता.

"मागे भट्टी असते, बाई, भट्टी!" तो ओरडला. "मी स्वतः बसून पाहिलंय. दार लावून बसलो आणि लगेच बाहेर पडलो, जीव घाबरा झाला माझा. तिथे चिलखत काय टिकेल?"

"मग पुढे ठेवा," मालकीणबाई थंडपणे म्हणाल्या. "मांडीवर घेऊन बसा. या खेपेला त्याला काही झालं, तर गोदामाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवायची आणि घरी जायचं. नव्या माणसाला कान नसेल तुमच्यासारखा, पण डोकं तरी असेल."

किल्ली त्याच्या कमरेला असायची. झोपतानाही. ती गेल्यावर आपण कोण, हा प्रश्न त्याला पडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. नवं चिलखत तयार झालं तेव्हा त्याने ते तळहाताच्या फोडासारखं जपलं. अस्तर बायकोनेच शिवलं, थांबत थांबत, टाके उसवून पुन्हा घालत. तिचं ते शेवटचं अस्तर.

निघाले त्या सकाळी हवा गार होती. राजाचं चिलखत मागे पेटीत उभं, रजयांच्या मधोमध. ट्रकच्या आत चारी बाजूंच्या पत्र्यांना पोलादने रजया ठोकून लावल्या होत्या, कुठे काही घासायला नको म्हणून. केबिनमध्ये ड्रायव्हर, मध्ये पोलाद, खिडकीशी बायको. ड्रायव्हर तोंडाचा सैल पण मनाचा भला माणूस होता. काकूंना त्याने पाठीशी उशी दिली, थर्मासमधला चहा दिला, दोन-चार विनोद सांगितले. ती हसली. खूप दिवसांनी गाडीत बसलेय, म्हणाली. एकदा सहज म्हणाली, ताठ बसून पाठ भरून आली. तेवढंच एक गाऱ्हाणं तिने केलं आणि तेच तिला भोवलं.

ऊन चढलं. पोलादची चुळबुळ सुरू झाली. त्याने ट्रक थांबवला, मागे चढला, राजाच्या चिलखताच्या पोटाला हात लावला. ऊबदार लागलं आणि खांद्याशी किंचित मऊ. तो ते खोळीसकट उचलून पुढे घेऊन आला. चिलखताचे खांदे चांगले रुंद, पंखांसारखे दोन्हीकडे निघालेले. दोन माणसांच्या मध्ये ते बसेना.

"आता तिघं कसे मावणार?" ड्रायव्हर म्हणाला.

"तिघं नाही. मी, तू आणि हे."

बायको खाली उतरून रस्त्याकडेला उभी होती. तिला कळलं. बायकांना हे आधी कळतं, म्हणूनच त्या आधी तोडगा काढतात.

"मी धरते की," ती म्हणाली. "अस्तर मीच लावलंय, कुठे धरायचं मला ठाऊक आहे. तुम्ही बसा थोडा वेळ मागे."

"तुझे हात कापतात."

ती हातांकडे बघत राहिली. कापत होतेच.

"आणि मागे आडवं होता येईल तुला," तो आवाज मऊ करून म्हणाला. "मघाशी पाठ दुखतेय म्हणालीस ना? छान झोप. जाग येईल तेव्हा दवाखाना."

मालाला तो हाच आवाज लावायचा.

"काका, मी माणूस मागे नेत नाही," ड्रायव्हर म्हणाला.

"माणूस कुठाय? माझी बायको आहे," पोलाद म्हणाला आणि आपल्याच विनोदावर एकटा हसला.

मग त्याने तिची व्यवस्था लावली आणि ती अशी लावली, की त्याच्या शास्त्रात कुठे बोट ठेवायला जागा नाही. दोन पेट्यांच्या मधली जागा निवडली, खाली दोन रजया, मानेखाली गुंडाळी, कमरेच्या पोकळीत चिंध्यांचे गोळे. कोपराजवळ एका पेटीची कडी येत होती, तिच्यावर फडकं बांधलं. तिला खांद्याला धरून किंचित हलवून पाहिलं. हलली नाही.

"अहो, मला गुदमरलं तर?"

"समोर ठोक. मी पलीकडेच तर आहे."

ड्रायव्हरने दाराची एक फळी ओढली आणि दुसरी हातात धरून म्हणाला, "काका, ही थोडी उघडी ठेवून दोरीने बांधतो. वारा तरी लागेल काकूंना."

पोलादने आत बघितलं. सेनापतीचा घण, सैनिकांच्या ढाली, शिरस्त्राणं, सगळ्यांचा रंग ताजा. मातीचा रस्ता अजून संपायचा होता. मागे भट्टी असते हे जगात कुणाला ठाऊक असेल तर त्याला होतं. ते त्याने ओरडून सांगितलं होतं. पण ते चिलखतांबद्दल होतं.

"दार लावून घे," तो म्हणाला. "धूळ येते."

हे तिने आतून ऐकलं.

केबिनमध्ये गार वारा होता. पोलादने राजाचं चिलखत मांडीवर घेतलं, एक हात पाठीमागून टाकला, खड्डा आला की अलगद उचलून धरलं. बऱ्याच वेळाने पाठीमागून आवाज आला. धप्प. मग पुन्हा, धप्प, धप्प.

"काकू ठोकतायत," ड्रायव्हर म्हणाला आणि पाय ब्रेककडे गेला.

"थांब." पोलादने डोळे मिटले, मान कलती केली. हे त्याचं राज्य होतं. "माणूस ठोकतो तेव्हा हाडाचा आवाज येतो. टक्क येतो. हा ऐक. बसका आहे की नाही? ही शिरस्त्राणांची पेटी. वळणावर टेकते समोर. आवाज भरीव आहे, म्हणजे आत माल गच्च आहे. काळजी नाही."

"बघून तरी येऊ का?"

"आता दार उघडलं की सगळी धूळ आत. आणि तिकडे राजा तालमीला खोळंबलाय. चल."

ड्रायव्हर पोटामागे लागलेला माणूस. गोदामाची किल्ली कमरेला असलेल्या माणसाशी कोण वाद घालणार? त्याने ट्रक चालवला. त्याबद्दल त्याने पुढे स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या, पण शिव्यांनी गेलेली वेळ परत येत नाही.

धप्प, धप्प चालू राहिलं. मग दोन आवाजांत अंतर पडू लागलं. मग थांबलं.

"बघ," पोलाद समाधानाने म्हणाला, "बसली जागेवर."

नाट्यगृहाच्या मागच्या दाराशी मालकीणबाई उभ्याच होत्या. पोलाद चिलखत पोटाशी धरून उतरला, आत गेला, खोळ काढली, राजाच्या अंगावर चढवलं, पट्टे बांधले. कुठे सुरकुती नाही, कुठे सैल नाही. राजाने आरशात बघून छाती फुगवली. मालकीणबाईंनी दोन बोटांनी चिलखतावर टिचकी मारली आणि म्हणाल्या, "वा, पोलाद. याला म्हणतात माणूस." हे वाक्य ऐकायला तो किती वर्षं थांबला होता कुणास ठाऊक. त्याचे डोळे भरून आले. त्याच वेळी बाहेरून ड्रायव्हरची हाक आली, आणि ती हाक शब्दांची नव्हती.

ट्रकचं दार सताड उघडं होतं. बायको झोपवल्या जागी नव्हती. सरपटत केबिनच्या बाजूला गेली होती आणि तिथल्या पत्र्याला, म्हणजे पत्र्यावर ठोकलेल्या रजईला, टेकून बसली होती. चेहरा काळानिळा, केस घामाने थबथबलेले, तोंड उघडं. हातात सेनापतीचा घण. मुठींनी काही होईना, तेव्हा तिने हाताला लागेल ते घेतलं असणार. पण रजईच्या आड पत्रा, आणि हातात स्पंज. ढाल स्पंजची, तलवार स्पंजची, शिरस्त्राण स्पंजचं. प्रत्येक बकलाला फडकं, प्रत्येक कडीला चिंधी. गाडीभर लढाईचं सामान आणि त्यात आवाज करेल अशी एक वस्तू नाही. इतकं सुरेख पॅकिंग त्या धंद्यात दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात, तो हा. फक्त बुक्क्याही तिच्याच होत्या. घणाचं डोकं फाटून लोंबत होतं आणि तिच्या तळव्यांना खोट्या लोखंडाचा रंग लागला होता.

पोलादने ते पाहिलं आणि त्याच्या तोंडून निघालं, "अगं, हे काय केलंस!"

तो घणाबद्दल बोलत होता. तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना ते कळलं. तिलाही कळलं. ती जिवंत होती, शुद्धीवर होती, आणि बोलण्यापुरता श्वास नसला तरी बघण्यापुरता होता. तिने त्याच्याकडे नीट बघून घेतलं.

ती वाचली. वाचली म्हणजे मेली नाही, एवढंच. ज्या दवाखान्यात चालत जायची होती, तिथे तिला उचलून नेलं, आणि डॉक्टर तपासून बाहेर आले ते मान हलवत. एवढं सोसल्यावर हे हृदय आता शस्त्रक्रिया सोसणार नाही, म्हणाले. आता नाही आणि पुढेही नाही. आहे तितके दिवस सांभाळा. मुलीने एकच विचारलं, "बाबा, मागे किती तापतं तुम्हाला माहीत होतं ना?" त्याने सांगितलं, "ती स्वतः हो म्हणाली होती." ती हो म्हणाली नव्हती. पण नाहीही म्हणाली नव्हती आणि तेवढ्या फटीत तो कितीतरी दिवस अंग चोरून बसला.

प्रयोग दणक्यात झाला. राजाने छातीवर वार झेलले आणि कुणी हसलं नाही. किल्ली पोलादच्या कमरेलाच राहिली. बायको मुलीच्या घरी गेली ती गेलीच. अस्तरं शिवायला दुसरी बाई आली, तिचे टाके सरळ असत. लोक विचारत, काकू कशा आहेत, आणि हा त्यांना आवाजाचं शास्त्र समजावून सांगे: हाडाचा आवाज कसा, पेटीचा कसा, रजई मध्ये आली की भल्याभल्यांचा कान कसा फसतो. ऐकणारे माना डोलवत आणि पाठ वळली की थुंकत.

मग एकदा गोदामात शिरस्त्राणांची पेटी भरून झाली. त्याने झाकण लावलं, कान जवळ नेला आणि सवयीने ठोसा मारला. धप्प. भरीव, बसका, उत्तम. पोलादचा हात तिथेच राहिला. तो पुन्हा ठोसा मारायला धजला नाही. पेटीशेजारी तो तसाच खाली बसला. कुणीतरी पाणी आणून दिलं, ते त्याने घेतलं नाही. माणसाला कळायला किती वेळ लागावा याला काही धरबंध नाही. बैल गेला आणि झोपा केला.

दुसऱ्या दिवशी त्याने बायकोची शिवणाची टोपली उचलली. सुयांना गंज धरू नये म्हणून त्या तेलाच्या फडक्यात गुंडाळल्या, कात्रीला खोळ घातली, रिळं हलणार नाहीत अशी बसवली आणि बस धरली. टोपली वाटभर मांडीवर होती.

मुलीने दार अर्धंच उघडलं. तिच्या खांद्यावरून त्याला आतली खोली दिसली. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत बायको, पाठीशी उशा. इतकी लहान झालेली. ती खिडकीबाहेर बघत होती. आवाज ऐकला असूनही तिने मान वळवली नाही.

"हे हिचं सामान," तो म्हणाला. "आईला विचार, आत येऊ का. पाच मिनिटं. मला काही बोलायचंय."

मुलगी टोपली घेऊन आत गेली. खुर्चीपाशी वाकली, आईच्या तोंडाजवळ कान नेला. तिला मोठ्याने बोलता येत नसे. मुलगी परत आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज हलला नाही.

"आई म्हणते, दार लावून घे. धूळ येते."

आणि तिने दार लावून घेतलं.

पोलाद जिन्यात उभा राहिला. मग त्याने मूठ वळली आणि दारावर ठोकलं. साधं लाकडी दार, मध्ये रजई नाही, काही नाही. हाडाचा आवाज टक्क आला, अगदी स्वच्छ, आत खिडकीपर्यंत जाईल असा. त्याने पुन्हा ठोकलं, पुन्हा ठोकलं, हाताची सालटं निघेपर्यंत ठोकत राहिला. आत दोघीही होत्या आणि दोघींनाही ऐकू येत होतं. कुणी उठलं नाही.